ठाऊक असलेल्या उत्तराची कोडी

रहस्यकथा एकदाच वाचायची असते, असा एक रूढ समज आहे. खुनी कोण हे कळले की पुस्तकाचे काम संपले. मग ते रेल्वेच्या डब्यात विसरले तरी फारशी हळहळ वाटू नये. डब्ल्यू. एच. ऑडन यांनी १९४८ साली या विषयावर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात रहस्यकथांचे आपल्याला व्यसन असल्याची कबुली देतानाच, कथा संपताच आपण ती विसरतो आणि ती पुन्हा वाचण्याची इच्छा होत नाही, असे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. त्याआधी तीन वर्षे एडमंड विल्सन या अमेरिकन समीक्षकांनी तर या सगळ्या साहित्यप्रकाराकडेच पाठ फिरवली होती. ख्रिस्तीबाईंच्या कादंबरीत रॉजर अॅक्रॉइडला कोणी मारले याच्याशी कोणाला काय कर्तव्य, अशा आशयाचे शीर्षकच त्यांनी आपल्या लेखाला दिले होते.

या समजाच्या समोर एक साधी वस्तुस्थिती ठेवावी. १९८४ ते २०१३ या तीन दशकांत ब्रिटिश दूरचित्रवाणीवर ज्या हेरमालिका झाल्या, त्यांतील चार मालिका, म्हणजे जेरेमी ब्रेट यांचा होम्स, जोन हिक्सन यांची मिस मार्पल, जॉन थॉ यांचा मॉर्स आणि डेव्हिड सुशे यांचा प्वारो, आजही पुन्हा पुन्हा पाहिल्या जातात. त्या पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांना खुनी ठाऊक असतो. पुष्कळांना तो पहिल्यांदा पाहतानाही ठाऊक होता, कारण मूळ कथा त्यांनी वाचलेल्या होत्या. कोडे सुटलेले आहे, उत्तर पाठ आहे, आणि तरीही माणसे परत येतात. ती नेमके काय पाहायला येतात, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे नेहमी दिले जाणारे उत्तर ऑडन यांच्याच निबंधातून निघते. त्यांच्या मते रहस्यकथेचा प्रारंभ एका निष्पाप जागेत होतो. खून ही त्या नंदनवनाला लागलेली कीड असते. शोधक येतो, अपराधी वेगळा काढतो आणि उरलेल्या सर्वांना त्यांचे निरागसपण परत मिळते. सुंदर खेडे, चहाची वेळ, वाफेची आगगाडी आणि अखेरीस पूर्ववत झालेली व्यवस्था, हे सारे पाहताना प्रेक्षकाला दिलासा मिळतो, असे मग सांगितले जाते. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. केवळ दिलासाच हवा असता, तर या मालिकांचे शेवटचे भाग सर्वांत कमी पाहिले गेले असते. वस्तुतः तेच सर्वाधिक स्मरणात राहिले आहेत, आणि त्यांच्यात दिलासा अगदी थोडा आहे.

अधिक उपयोगी धागा त्स्वेतान तोदोरोव्ह यांच्या १९६६ च्या विवेचनात सापडतो. अभिजात रहस्यकथेत दोन कथा असतात, असे ते म्हणतात: एक गुन्ह्याची, जी पुस्तक सुरू होण्यापूर्वीच घडून गेली आहे, आणि दुसरी तपासाची, जिच्यात पात्रे काही करत नाहीत, केवळ जाणून घेतात. या दुसऱ्या कथेचा एक अलिखित नियम असा की शोधकाला काहीही होऊ शकत नाही. त्याला अभय असते. प्रेताभोवती फिरणारा तो एकटाच मृत्यूच्या कक्षेबाहेरचा असतो.

दूरचित्रवाणीने शोधकाचे हे अभय काढून घेतले, आणि या मालिकांचे टिकाऊपण मुख्यतः त्यात आहे, असे मला वाटते. पानावरचा शोधक म्हातारा होत नाही. पडद्यावरच्या शोधकाला एका जिवंत माणसाचे शरीर असते आणि ते दर वर्षी एक वर्षाने थकते. दुसऱ्यांच्या मृत्यूचा उलगडा करता करता उलगडा करणाराच मृत्यूकडे सरकत असलेला दिसणे, ही या मालिकांतील तिसरी कथा होय. ती कोणत्याही एका भागात लिहिलेली नाही.

अभयाचा जुना इतिहास

अभयाचा हा नियम वाचकांनी किती हट्टाने जपला होता, हे सर्वांना माहीत आहे. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ साली होम्सला रायशेनबाखच्या धबधब्यात ढकलले आणि दहा वर्षांनी त्याला परत आणणे त्यांना भाग पडले. पुढे दोन महायुद्धांच्या मधल्या काळात या प्रकाराला खेळाचे रूप आले. एस. एस. व्हॅन डाइन यांनी १९२८ मध्ये वीस नियम सांगितले; रोनाल्ड नॉक्स या पाद्रीबाबांनी १९२९ मध्ये दहा आज्ञा दिल्या; १९३० मध्ये लंडनमध्ये लेखकांचा डिटेक्शन क्लब स्थापन झाला. बुद्धिबळातील सोंगट्यांना वय नसते, तसेच या खेळातील शोधकालाही नसे. प्वारो १९२० साली अवतरला तेव्हाच तो निवृत्त बेल्जियन पोलीस अधिकारी होता. हिशेब मांडला तर सत्तरच्या दशकात त्याने वयाची शंभरी केव्हाच ओलांडलेली असायला हवी होती. मिस मार्पल तर १९२७ मधील पहिल्या कथेतच म्हातारी होती आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षे तितकीच म्हातारी राहिली.

ब्रिटिश दूरचित्रवाणीचा पहिला लोकप्रिय पोलीस नायक याच परंपरेतला होता. १९५० च्या 'द ब्लू लॅम्प' या चित्रपटात जॉर्ज डिक्सन हा गस्तीचा हवालदार गोळी लागून मरतो. १९५५ मध्ये बीबीसीने त्याला सरळ जिवंत केले आणि 'डिक्सन ऑफ डॉक ग्रीन' ही मालिका सुरू केली. ती १९७६ पर्यंत चालली. ती संपली तेव्हा ही भूमिका करणारे जॅक वॉर्नर ऐंशी वर्षांचे होते. ऐंशी वर्षांचा पोलीस ही लंडनच्या कोणत्याही ठाण्यात अशक्य गोष्ट. पण मेलेल्या माणसाला एकदा परत आणल्यावर वयाचा आग्रह कोण धरणार? वॉर्नर यांचे म्हातारपण पडद्यावर दिसत होते, मालिका मात्र बराच काळ ते न पाहिल्यासारखे करत होती. पुढच्या पिढीच्या मालिकांनी जे केले ते याच्या नेमके उलट होते.

त्या बदलाला एक तांत्रिक कारणही आहे. साठ-सत्तरच्या दशकांत बीबीसीने होम्स केला, मेग्रे केला, लॉर्ड पीटर विम्झीही केला. पण त्या काळच्या पद्धतीप्रमाणे घरातील दृश्ये स्टुडिओत व्हिडिओ कॅमेऱ्यांवर आणि बाहेरची तेवढी फिल्मवर घेतली जात. खोलीत नाटक आणि अंगणात सिनेमा, असा तो प्रकार होता. १९७५ मध्ये युस्टन फिल्म्सने 'द स्वीनी' ही पोलीस मालिका सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर आणि लंडनच्या प्रत्यक्ष रस्त्यांवर चित्रित केली. तिचा नायक जॅक रीगन हा रांगडा, शिवराळ, प्रसंगी कायदा गुंडाळून ठेवणारा अधिकारी होता. तेहतीस वर्षांचे जॉन थॉ ती भूमिका करत होते आणि निर्माते होते टेड चाइल्ड्स. बारा वर्षांनी हेच चाइल्ड्स 'इन्स्पेक्टर मॉर्स'चे कार्यकारी निर्माते झाले. ऑक्सफर्डमधील संथ, सुसंस्कृत मॉर्स हा अशा रीतीने गल्लीतल्या मारामारीच्या मालिकेचा वारस आहे. कॅमेरा स्टुडिओबाहेर पडला, तेव्हा चेहऱ्यावर खरा उजेड पडू लागला. आणि खऱ्या उजेडात वय लपत नाही.

दुसरे कारण आर्थिक होते. १९५५ मध्ये सुरू झालेल्या आयटीव्हीच्या रचनेत प्रत्येक प्रदेशातील जाहिरातींचा मक्ता त्या त्या कंपनीकडे असे. उत्पन्न बरेच होते आणि त्याच्या बदल्यात दर्जा राखण्याचे बंधनही होते. त्यातूनच मँचेस्टरच्या ग्रॅनडा कंपनीने १९८१ मध्ये 'ब्राइड्सहेड रीव्हिजिटेड' आणि जानेवारी १९८४ मध्ये पॉल स्कॉट यांच्या कादंबऱ्यांवरून 'द ज्युएल इन द क्राउन' ही भारतातील ब्रिटिश सत्तेच्या अखेरच्या दिवसांची मालिका काढली. त्याच वर्षी २४ एप्रिलला ग्रॅनडाचा होम्स आला आणि २६ डिसेंबरला बीबीसीची मिस मार्पल. मधल्या काळात, मार्चपासून, कोळसा खाणीतील कामगारांचा वर्षभर चाललेला संप पेटलेला होता. एकीकडे बंद पडणाऱ्या खाणी आणि दुसरीकडे पडद्यावर घोडागाड्या व हिरवळी, ही विसंगती तेव्हाच्या टीकाकारांच्या नजरेतून सुटली नाही. पुढे अँड्र्यू हिग्सन यांच्यासारख्या अभ्यासकांनी अशा वारसारंजनाच्या कलाकृतींवर जो आक्षेप घेतला, तो या मालिकांनाही लागू पडतो: त्या भूतकाळाचे विश्लेषण करत नाहीत, त्याची आरास मांडतात.

आपल्याला तर या आक्षेपात आणखी भर घालता येईल. मूळ संहितेशी निष्ठा हे ग्रॅनडाच्या होम्सचे ब्रीद होते, आणि त्या निष्ठेबरोबर मूळ संहितेतील साम्राज्यही आले. 'द साइन ऑफ फोर'च्या १९८७ मधील रूपांतरात आग्र्याच्या किल्ल्यातील १८५७ च्या धामधुमीतला खजिना आहे, आणि अंदमानचा टोंगा हा जवळजवळ श्वापदासारखाच रंगवलेला आहे. लंडनमधील प्रत्येक काळ्या गुपिताचे मूळ हिंदुस्थानात सापडावे, ही डॉयल यांची सवय रूपांतरकारांनी जशीच्या तशी ठेवली. या मालिकांवर प्रेम करणाऱ्या भारतीय प्रेक्षकाने ही गोष्ट विसरू नये.

निष्ठा आणि तिचा भंग

तरीही ग्रॅनडाच्या होम्सचे महत्त्व त्याच्या निष्ठेतच आहे. फक्त तिची परिणती तिच्या कर्त्यांना अपेक्षित होती तशी झाली नाही. निर्माते मायकेल कॉक्स यांनी डॉयलच्या कथांतील बारीकसारीक तपशिलांचे एक टिपणच तयार करवले होते: होम्स काय खातो, कसा बसतो, कोणत्या सवयी पाळतो. मासिकातील सिडनी पॅजेट यांच्या मूळ चित्रांवरून दृश्यांची रचना केली गेली. बेसिल रॅथबोन यांच्या चित्रपटांपासून वॉटसन हा विनोदी बावळट झाला होता. डेव्हिड बर्क आणि १९८६ पासून एडवर्ड हार्डविक यांनी त्याला त्याची बुद्धी आणि त्याची मैत्री परत मिळवून दिली. एकेचाळीस भागांत डॉयलच्या होम्सची सुमारे दोन तृतीयांश संहिता पडद्यावर आली.

सारे काही मुळाबरहुकूम होते. एकच गोष्ट बरहुकूम राहू शकली नाही: ब्रेट यांचे शरीर. मालिका सुरू झाली तेव्हा ते पन्नाशीचे होते. सडपातळ, तीक्ष्ण, हातांच्या झटक्यांत वीज असलेले. १९८५ मध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले. पुढच्या वर्षी त्यांना उन्माद-विषण्णतेच्या विकारासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागले. लिथियमचे उपचार आणि दुबळे होत गेलेले हृदय यांमुळे शरीर सुजू लागले, श्वास जड झाला. १९९४ च्या शेवटच्या मालिकेतील होम्स हा पहिल्या भागातील होम्सचा थोरला, आजारी भाऊ वाटतो. 'द मॅझरिन स्टोन' या भागात ब्रेट बहुतांशी काम करू शकले नाहीत, म्हणून तपास मायक्रॉफ्टकडे सोपवावा लागला. त्याच मालिकेत 'द डाइंग डिटेक्टिव्ह' आहे. त्यात होम्स मरणोन्मुख असल्याचे सोंग आणतो. १९१३ साली लिहिलेल्या मूळ कथेत ते सोंग ही एक चलाखी आहे. इथे मात्र सोंग करणारा नट खरोखर आजारी आहे, आणि होम्सने अंथरुणातून उठून डाव उलटवला तरी पाहणाऱ्याला सुटल्यासारखे वाटत नाही. सप्टेंबर १९९५ मध्ये, एकसष्टाव्या वर्षी, ब्रेट वारले.

मी स्वतः ही मालिका प्रथम पाहिली ती क्रम सोडून, मिळेल तो भाग मिळेल तेव्हा. कधी कृश होम्स, कधी स्थूल. मला तो निष्काळजीपणा वाटला होता. पुढे पुष्कळ वर्षांनी, घरात एक दीर्घ आजार पाहून झाल्यावर, मी ती पहिल्यापासून ओळीने पाहिली. तेव्हा लक्षात आले की आपण छत्तीस छोट्या आणि पाच मोठ्या रहस्यकथा पाहत नसून एकच दहा वर्षांची कथा पाहत आहोत. १९८८ च्या 'द डेव्हिल्स फूट'मध्ये होम्स कोकेनची सुई कॉर्नवॉलच्या वाळूत पुरून टाकतो. डॉयलच्या कथेत हे नाही. निष्ठेचा हा भंग मला आता सर्वांत प्रामाणिक वाटतो: जिथे शोधकाला काहीच होत नाही अशा कथेत, या शोधकाला काही झाले आहे आणि तो बरा होऊ पाहतो आहे, अशी ती कबुली आहे.

म्हातारपण ही पद्धत

जोन हिक्सन यांच्या बाबतीत गोष्ट उलटी आहे. त्या मार्पल झाल्या तेव्हाच अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. शेवटचा भाग, 'द मिरर क्रॅक्ड फ्रॉम साइड टु साइड', डिसेंबर १९९२ मध्ये दाखवला गेला तेव्हा शहाऐंशी. तरुण असताना त्यांना रंगभूमीवर पाहून ख्रिस्तीबाईंनी, तुम्ही कधीतरी माझ्या मिस मार्पलची भूमिका कराल अशी आशा आहे, असे पत्राने कळवले होते. ती आशा फळाला यायला जवळजवळ चार दशके जावी लागली. मधल्या काळात मार्गारेट रदरफर्ड यांनी ही व्यक्तिरेखा धमाल विनोदी केली होती. हिक्सन यांनी तिला गप्प केले. त्यांची मार्पल विणकाम करते, ऐकते, आणि खोलीतली माणसे तिचे अस्तित्व विसरतात. म्हाताऱ्या बाईकडे कोणी पाहत नाही, आणि न पाहिले गेलेल्या माणसाला सर्व काही दिसते: वार्धक्य हीच तिची तपासपद्धती आहे.

हॅम्पशायरमधील नेदर वॉलप या गावात सेंट मेरी मीड उभे केले गेले, आणि ऑडन यांचे नंदनवन ते हेच, असे पहिल्या दर्शनी वाटते. पण स्मरणरंजनाच्या आक्षेपाला याच मालिकेने, किंबहुना मूळ लेखिकेनेच, उत्तर देऊन ठेवले आहे. १९६५ च्या 'अॅट बर्ट्रम्स हॉटेल' या कादंबरीत लंडनचे एक हॉटेल आहे. बीबीसीने १९८७ मध्ये ती केली. बाहेरचे जग बदलले तरी या हॉटेलात काहीच बदललेले नाही. तेच मफिन, तेच वृद्ध सरदार, तेच नम्र नोकर. मिस मार्पलला प्रथम आनंद होतो आणि मग संशय येतो. काळ असा थांबत नसतो. थांबलेला दिसत असेल तर कोणीतरी तो थांबवलेला असला पाहिजे, आणि त्यात त्याचा काही स्वार्थ असला पाहिजे. तो संशय खरा ठरतो. ते जुनेपण म्हणजे एका दरोडेखोर टोळीने उभारलेला देखावा असतो. आरास मांडलेल्या भूतकाळावर याहून कठोर टीका हिग्सन यांच्यापाशीही सापडणार नाही, आणि ती चहाच्या टेबलावर बसून केलेली आहे.

चुकणारा शोधक

कॉलिन डेक्स्टर हे अभिजात भाषांचे शिक्षक, पुढे ऑक्सफर्डच्या परीक्षा मंडळातील अधिकारी आणि शब्दकोड्यांचे निष्णात स्पर्धक. त्यांनी आपल्या शोधकाला आणि त्याच्या सहायकाला नावे दिली तीही कोडी सोडवणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांची. सर्व चिन्हे शुद्ध खेळाची होती. पण १९८१ च्या 'द डेड ऑफ जेरिको' या कादंबरीत त्यांनी एक विलक्षण गोष्ट केली. मॉर्स त्या खुनाचा उलगडा सॉफोक्लीझच्या ईडिपसच्या आधाराने करतो. विद्वत्तापूर्ण, निर्दोष जुळणारी अशी ती उपपत्ती असते. आणि ती साफ चुकीची निघते. ईडिपस हा तर पाश्चात्त्य साहित्यातील पहिला शोधक, आणि तपास अखेर ज्याच्या स्वतःवर येऊन कोसळला असा एकमेव. त्यालाच साक्षीला बोलावून मॉर्स चुकतो, यात मालिकेची पुढली सगळी दिशा आहे.

६ जानेवारी १९८७ रोजी याच कथेने मालिकेचा प्रारंभ झाला; पटकथा अँथनी मिंगेला यांची होती. जाहिराती धरून दोन तासांचा भाग ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती. त्या दोन तासांनी मालिकेला रिकामा वेळ दिला: गाणे पूर्ण ऐकण्याचा, गल्लीतून चालत जाण्याचा, काही न बोलण्याचा. कादंबरीतील वयस्क वेल्श लुइस पडद्यावर ईशान्य इंग्लंडचा तरुण, संसारी माणूस झाला; केव्हिन व्हेटली यांनी तो केला. त्यामुळे एक न लिहिलेले नाते तयार झाले. एकाकी, हेकट, प्रेमात हमखास अपयशी ठरणारा एक ज्येष्ठ, आणि त्याची बिले भरत, बोलणी खात त्याच्यावर जीव लावणारा एक कनिष्ठ.

बत्तीस भागांनंतर, १५ नोव्हेंबर २००० रोजी, 'द रिमोर्सफुल डे' दाखवला गेला. डेक्स्टर यांनी आदल्याच वर्षी कादंबरीत मॉर्सला मारले होते. पडद्यावर तो एका कॉलेजच्या हिरवळीवर कोसळतो आणि रुग्णालयात मरतो. तपास लुइस पूर्ण करतो. म्हणजे उत्तर सापडते, पण ज्याला ते हवे होते तो ते ऐकायला नसतो. अखेरीस लुइस मृतदेहाजवळ येतो, कपाळाचे चुंबन घेतो आणि निरोपाचे दोन शब्द बोलतो. तेरा वर्षे ज्या तरुणाने आपल्या वरिष्ठाला पहिल्या नावाने हाक मारली नाही, त्याचा हा निरोप. या दृश्यात कोणतेही रहस्य नाही. पंधरा महिन्यांनी, फेब्रुवारी २००२ मध्ये, जॉन थॉ साठाव्या वर्षी वारले, आणि तेव्हापासून हे दृश्य दोन मृत्यूंचे झाले आहे.

पुढे व्हेटली यांची 'लुइस' आली, मग तरुण मॉर्सची 'एन्डेव्हर' आली. ती २०२३ मध्ये संपली. 'एन्डेव्हर'मध्ये डोरोथिया फ्रॅझिल नावाची एक वृत्तपत्र-संपादिका आहे. नावाचे कोडे असे: फ्रॅझिल म्हणजे पाण्यातील बर्फाचे कण, नावाचे आद्याक्षर 'डी' त्याला जोडले की 'बर्फ वितळवणे' असा अर्थ निघतो, आणि इंग्रजीत वितळण्याला थॉ म्हणतात. ही भूमिका अॅबिगेल थॉ यांनी केली. त्या जॉन थॉ यांच्या कन्या. ज्याचे उत्तर एक गेलेला माणूस आहे असे हे कोडे, आणि ते सोडवून आनंदही होतो आणि दुःखही.

पडदा

सुशे यांचा प्रवास सर्वांत लांब आहे. जानेवारी १९८९ मध्ये ते बेचाळीस वर्षांचे होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये सत्तरावा भाग दाखवला गेला तेव्हा सदुसष्ट. भूमिका हाती घेताना त्यांनी ख्रिस्तीबाईंची पुस्तके वाचून प्वारोच्या त्र्याण्णव लकबींची यादी केली होती. मालिकेने एक युक्तीही केली: मूळ कथा पाच दशकांत पसरलेल्या असल्या तरी बहुतेक भाग तिशीच्या दशकात गोठवले. लंडनमधील फ्लोरिन कोर्ट ही १९३६ ची इमारत प्वारोचे घर झाली. हेस्टिंग्ज, जॅप आणि मिस लेमन यांच्यासह ते जग सुबक आणि खेळकर होते. काळ थांबवलेले हेही एक बर्ट्रम हॉटेलच.

मात्र शतक बदलले तसे ते तिघे बाजूला झाले, प्रकाश मंदावला आणि प्वारोच्या हातात जपमाळ आली. २०१० च्या 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस'मध्ये तो अपराध्यांना सोडून देतो, पण १९७४ च्या चित्रपटातल्यासारखी तिथे मेजवानी नाही. बर्फात उभा असलेला, स्वतःच्या धर्मबुद्धीशी झगडणारा एक म्हातारा आहे. मग 'कर्टन'. ख्रिस्तीबाईंनी ही कादंबरी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहून ठेवली होती. ती १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सने प्वारोच्या निधनाची बातमी पहिल्या पानावर छापली. यात अभयाचा नियम लेखिकेनेच दोन्ही बाजूंनी मोडला आहे. प्वारो मरतो आणि मरण्यापूर्वी स्वतः खून करतो. वाचताना ही एक थक्क करणारी कलाटणी वाटते. पडद्यावर मात्र चाकांच्या खुर्चीत खंगलेला तो चेहरा आपण पंचवीस वर्षे पाहिलेला असतो. त्यामुळे कलाटणीपेक्षा त्या चेहऱ्याचेच वजन अधिक होते. विशेष असे की अखेरच्या पाच भागांपैकी 'कर्टन' आधी चित्रित केला गेला आणि सर्वांत शेवटी 'डेड मॅन्स फॉली', तोही ख्रिस्तीबाईंच्या डेव्हनमधील ग्रीनवे या घरी. मेलेल्या प्वारोला पुन्हा उभे करून सुशे यांनी त्याचा निरोप घेतला. प्रेक्षकही पुढे तेच करत राहिला.

पुन्हा पाहणे

असा आक्षेप येईल की हे सर्व जुन्या वळणाच्या मालिकांपुरतेच आहे. १९९१ च्या 'प्राइम सस्पेक्ट'ने पोलीस ठाण्यातील पुरुषी वर्चस्व, १९९३ च्या 'क्रॅकर'ने मँचेस्टरमधील राग व उद्ध्वस्तपणा पडद्यावर आणला. त्यांचे आकर्षण सामाजिक वास्तवाचे आहे. ते खरे आहे. पण २००६ मध्ये 'प्राइम सस्पेक्ट' संपते ती कशावर? दारूत बुडालेली, निवृत्तीच्या उंबरठ्यावरची जेन टेनिसन, तिचे मरणारे वडील, आणि हेलन मिरेन यांच्या चेहऱ्यावरची पंधरा वर्षे. वास्तवाचा मार्गही अखेर त्याच दारी पोहोचला.

ऑडन यांचे म्हणणे पुस्तकांपुरते कदाचित बरोबर असेल. रहस्य एकदाच उलगडते. परंतु पुनर्वाचन हे साहित्याचे लक्षण मानणाऱ्या आपण अध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी या मालिकांचे एक उपकार मानले पाहिजेत: उत्तर गळून पडल्यावर कथेत काय उरते, याचा प्रयोग त्यांनी आपल्यासमोर करून दाखवला. रूपांतराचा अभ्यास करताना मूळ संहितेतून काय घेतले आणि काय वगळले, एवढेच आपण तपासतो. जे संहितेत नव्हतेच आणि केवळ काळाने त्यात भरले, त्याची नोंद करण्याची सवय आपल्याला नाही.

आता कोणीही 'द डेड ऑफ जेरिको' पुन्हा लावू शकतो. त्यात पंचेचाळीस वर्षांचा, अकाली पांढऱ्या केसांचा एक माणूस गायनवृंदात उभा राहून गातो आहे आणि एका स्त्रीकडे पाहतो आहे. ती मरणार हे आपल्याला ठाऊक आहे. तिच्या मृत्यूविषयी तो चुकणार, हेही ठाऊक आहे. त्याचे स्वतःचे काय होणार, हेसुद्धा आपल्याला ठाऊक आहे. त्याला मात्र नाही. तो गाणे पूर्ण म्हणतो. आपण ते पूर्ण ऐकतो.